टेक्निक्स एसएल-१२००

टेक्निक्स एसएल-१२०० ही जपानमधील मात्सुशिता इलेक्ट्रिक (२००८ पासून पॅनासॉनिक) या कंपनीने टेक्निक्स या नाममुद्रेखाली तयार केलेली डायरेक्ट-ड्राइव्ह टर्नटेबलची मालिका आहे. तिच्यातील पहिले यंत्र १९७२ मध्ये बाजारात आले. घरगुती श्रवणासाठी आखलेले हे यंत्र पुढे डीजेंचे प्रमुख साधन बनले. २०१० मध्ये उत्पादन थांबले, तेव्हा या मालिकेतील सुमारे ३५ लाख यंत्रे विकली गेली होती. २०१६ पासून नव्या आवृत्त्या उपलब्ध असल्या, तरी १९७९ ची एसएल-१२००एमके२ ही आवृत्ती आजही मोठ्या प्रमाणावर वापरात असून, तिची देखभाल व सुधारणा हा ध्वनिमुद्रिका-संग्राहकांच्या आस्थेचा विषय आहे.

पार्श्वभूमी

पूर्वीच्या टर्नटेबलमध्ये मोटरची गती रबरी चाकाच्या किंवा पट्ट्याच्या साहाय्याने थाळीपर्यंत पोहोचवली जाई. चाकामुळे मोटरची कंपने सुईपर्यंत जात आणि पट्टा कालांतराने सैल पडे. मात्सुशितामधील अभियंते शुइची ओबाता यांनी यावर उपाय म्हणून मोटरनेच थाळी थेट फिरवण्याची रचना विकसित केली. त्यातून तयार झालेले एसपी-१० हे बाजारात आलेले पहिले डायरेक्ट-ड्राइव्ह टर्नटेबल मानले जाते. ते मुख्यतः व्यावसायिक वापरासाठी होते. त्याच तत्त्वावर घरगुती वापरासाठी एसएल-११०० आणि नंतर एसएल-१२०० ही यंत्रे निघाली.

न्यूयॉर्कमधील ब्राँक्स भागात हिप-हॉप संगीत आकार घेत असताना डीजेंना तबकडी हाताने थांबवता येईल, मागे फिरवता येईल आणि सोडताच पुन्हा योग्य वेगाने वाजू लागेल असे यंत्र हवे होते. पट्ट्यावर चालणारी बहुतेक यंत्रे हा ताण सोसत नसत. डायरेक्ट-ड्राइव्ह यंत्रे मात्र या कामी टिकली.

रचना व कार्य

एमके२ मध्ये थाळीच्या तळाशी वर्तुळाकार चुंबक बसवलेला असतो. तोच मोटरचा फिरता भाग होय. तारेची वेटोळी खाली स्थिर असतात. मोटरला ब्रश नसल्याने घर्षणाने झिजणारा मुख्य भाग म्हणजे थाळीचे बेअरिंग एवढाच उरतो. थाळीचा प्रत्यक्ष वेग क्वार्ट्झ स्फटिकाच्या कंपनांशी सतत ताडून पाहिला जातो व फरक आढळताच दुरुस्त केला जातो. त्यामुळे वीजपुरवठ्याची वारंवारता ५० हर्ट्झ असो वा ६०, तबकडीचा वेग बदलत नाही. बंद अवस्थेतून मिनिटाला ३३ १/३ फेऱ्यांचा वेग गाठण्यास थाळीला सुमारे ०.७ सेकंद लागतो.

उजव्या बाजूच्या सरकत्या पिच-नियंत्रकाने वेग ८ टक्क्यांपर्यंत कमी-जास्त करता येतो. थाळीच्या कडेवरील ठिपक्यांच्या चार ओळी वेग तपासण्यासाठी असतात. टोनआर्म इंग्रजी एस अक्षराच्या वळणाचा असून त्याची उंची ६ मिलिमीटरपर्यंत बदलता येते.

जुन्या यंत्राची तपासणी

जुने यंत्र घेताना बाह्य स्वरूपापेक्षा तीन भागांची तपासणी महत्त्वाची ठरते. पहिला भाग वेगनियंत्रणाचा. पिच-नियंत्रक शून्यावर असताना संबंधित ओळीतील ठिपके स्थिर दिसले पाहिजेत. नियंत्रक सरकवताना वेगात एकाएकी उड्या पडत असतील, तर त्यात धूळ साचल्याची शक्यता असते. दुसरा भाग टोनआर्मच्या बेअरिंगचा. आर्म हलकेच हलवल्यास सांध्यात ढिलेपणा जाणवू नये. हा दोष पुष्कळदा आर्म न अडकवता यंत्राची ने-आण केल्याने उद्भवतो. तिसरा भाग विद्युतजोडण्यांचा. एखाद्या बाजूचा आवाज अधूनमधून नाहीसा होणे हे हेडशेलमधील संपर्कबिंदू मळल्याचे किंवा तार तुटत आल्याचे लक्षण असते, तर सततची गुणगुण बहुधा भूसंपर्काची तार निघाल्याने येते.

देखभाल

थाळीच्या मध्यदंडाच्या बेअरिंगमध्ये ठरावीक काळाने योग्य तेलाचे दोन-तीन थेंब घालावे लागतात. दीर्घकाळ बंद राहिलेल्या यंत्रातील इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर निकामी होऊ शकतात. ते सहज मिळतात व कमी खर्चात बदलता येतात. मोटरचे नियंत्रण करणाऱ्या मूळ आयसींची गोष्ट वेगळी आहे. त्यांचे उत्पादन बंद झाल्याने दुरुस्तीसाठी अन्य नादुरुस्त यंत्रांतील भागांवर अवलंबून राहावे लागते.

सुधारणा

सर्वाधिक परिणाम घडवणारा बदल म्हणजे चांगले कार्ट्रिज व नवी सुई. झिजलेली सुई आवाज बिघडवतेच, शिवाय तबकडीची खाच कायमची खरवडते. कार्ट्रिज बसवताना सुईचे टोक हेडशेलच्या जोडापासून ५२ मिलिमीटर अंतरावर राहावे, असे या आर्मचे मूळ मोजमाप आहे. टोनआर्मचे परिणामी वस्तुमान सुमारे १२ ग्रॅम असल्याने मध्यम लवचिकतेची कार्ट्रिजे त्याला जुळतात. जाड चटई घातल्यास आर्मची उंची त्याप्रमाणे वाढवावी लागते.

त्यानंतरचे बदल यंत्राच्या अंतर्भागातील आहेत. कायम जोडलेल्या मूळ केबलच्या जागी आरसीए जोडण्या बसवणे, आर्ममधील तारा बदलणे, ट्रान्सफॉर्मर काढून वीजपुरवठा स्वतंत्र पेटीत ठेवणे आणि मूळ आर्मऐवजी अन्य कंपनीचा आर्म लावणे हे त्यांतील प्रमुख होत. मूळ वीजपुरवठा मुळातच नियंत्रित असल्याने तो वेगळा केल्याचा कानाला कितपत फरक जाणवतो, याबाबत मतभेद आहेत.

या बदलांचे दोन वर्ग पडतात. कार्ट्रिज, चटई किंवा हेडशेल पूर्ववत करता येतात. सांगाड्याला पाडलेली छिद्रे किंवा कापलेल्या तारा पूर्ववत करणे कठीण असते. मूळ स्थितीतील यंत्रे घटत चालल्याने अनेक संग्राहक मूळ भाग जपून ठेवतात व उलटवता येणारेच बदल पसंत करतात.

भारतातील वापर

जपानी बाजारपेठेसाठीची यंत्रे १०० व्होल्टवर चालतात. भारतातील २३० व्होल्टच्या पुरवठ्यावर ती थेट जोडल्यास जळू शकतात, म्हणून व्होल्टेज कमी करणारा ट्रान्सफॉर्मर आवश्यक असतो. काही निर्यात-आवृत्त्यांत व्होल्टेज निवडण्याची सोय थाळीखाली असते.

एमके२ मध्ये ३३ १/३ आणि ४५ फेऱ्यांचेच वेग आहेत. बालगंधर्वांची नाट्यपदे आणि त्या काळातील बहुतांश मराठी ध्वनिमुद्रणे ७८ फेऱ्यांच्या लाखेच्या तबकड्यांवर निघाली असल्याने मूळ स्थितीतील एमके२ वर ती योग्य वेगाने वाजत नाहीत. एसएल-१२००जी, जीआर आणि एमके७ या नव्या आवृत्त्यांत ७८ चा वेग उपलब्ध आहे. मात्र त्यासाठी वेगळी सुईही लागते. लाँग प्ले तबकडीसाठीच्या सुईच्या टोकाची त्रिज्या साधारण १८ मायक्रॉन असते, तर ७८ च्या रुंद खाचेसाठी ती सुमारे ६५ ते ७५ मायक्रॉन असावी लागते. बारीक सुई अशा खाचेच्या तळाशी घासत जाते व खरखर वाढते.

पुनरागमन

२०१६ मध्ये एसएल-१२००जीएई या मर्यादित आवृत्तीने मालिका पुन्हा सुरू झाली. तिच्यात लोहगाभा नसलेली नवी मोटर वापरण्यात आली. डीजेंसाठीची एमके७ ही आवृत्ती २०१९ मध्ये आली. नव्या यंत्रांचे भाग जुन्या यंत्रांत सरसकट बसत नसल्याने एमके२ चे आयुष्य आजही वेळेवर केलेल्या देखभालीवर आणि जपलेल्या मूळ भागांवरच अवलंबून आहे.