अर्ध्या एकरावरचे घर

ऑस्ट्रेलियातील न्यू साउथ वेल्सच्या लहान गावांत घर बेताचे, पण आवार ऐसपैस, असे दृश्य पुष्कळदा आढळते. याचे मूळ गव्हर्नर डार्लिंग यांच्या १८२९ च्या नियमांत आहे. गावठाणातील भूखंड अर्ध्या एकराचा असावा, असे त्यांत ठरले. पावसाच्या पाण्याची टाकी, भाजीचे वाफे, कोंबड्या, घोडा, साऱ्यांची सोय आवारातच करावी लागे.

परंतु भूमापकाची साखळी जेथे फिरली, ती भूमी निर्जन नव्हती. बाथर्स्टच्या परिसरात विराजुरी लोक पिढ्यान्‌पिढ्या नांदत होते; त्यांच्याशी संघर्ष पेटताच १८२४ साली तेथे लष्करी कायदा पुकारला गेला. ही भूमी कोणाचीच नव्हती, हा सिद्धांत सर्वोच्च न्यायपीठाने १९९२ साली माबो खटल्यात फेटाळला. तथापि पूर्ण मालकीने एकदा दिलेली आवारे त्या निकालानेही मूळ रहिवाशांकडे परतली नाहीत.