आईची टिचकी

कॅलिफोर्नियात घर घेतलं, तेव्हा आईनं पहिल्याच दिवशी भिंतीवर टिचकी मारली. "पोकळ आहे रे! भूकंपात टिकेल?" आपल्यापैकी बहुतेकांनी हा प्रश्न ऐकला असेल. पण आई लातूर जिल्ह्यातली. तिनं तो सहज विचारला नव्हता.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात भूकंप झाला. आठ ते दहा हजार माणसं गेली. घात केला तो दोन-अडीच फूट जाड दगडी भिंतींनी. बाहेरून एकसंध दिसणारी भिंत आतून दोन वेगळ्या थरांची. मधे माती आणि दगडगोटे. थरांना सांधणारे आरपार दगड बहुतेक घरांत नव्हतेच. हादऱ्यानं थर सुटले आणि मातीचं जड माळवद अंगावर आलं. मामांचं माळवद मात्र लाकडी खांबांवर होतं. भिंती पडल्या, छत राहिलं, माणसं वाचली. पुढे दुरुस्त्यांमध्ये आरपार दुवे आणि काँक्रीटचे पट्टे आले.

डॉक्टरेट अभियांत्रिकीतली असली तरी मी पोटापाण्याला सॉफ्टवेअर करतो. तरी आईला सांगितलं, "ह्या भिंतीत मामांचेच खांब आहेत, फक्त बारीक आणि जवळजवळ. घर हलकं, म्हणून हादऱ्याचा जोरही कमी."

पण १९८९ च्या लोमा प्रिएटा भूकंपात इथली कित्येक जुनी लाकडी घरं पायावरून घसरली. ती पायाला बोल्टनं जखडलेली नव्हती. म्हणून त्याच रात्री बॅटरी घेऊन मी घराखाली शिरलो. वरून आई विचारत होती, "आहेत का रे बोल्ट?"

होते. सगळे मोजूनच वर आलो.