साखर, कृत्रिम गोडवे व स्थूलता

आहारातील साखर, तिच्याऐवजी वापरले जाणारे गोडवे व शरीरातील मेदवाढ यांचा परस्परसंबंध. एक ग्रॅम साखरेतून सुमारे ४ किलोकॅलरी ऊर्जा मिळते. मुक्त शर्करा (अन्नात घातलेली साखर, तसेच मध व फळांच्या रसातील शर्करा) एकूण ऊर्जेच्या १० टक्क्यांहून कमी, शक्य तर ५ टक्क्यांच्या आत असावी, अशी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे (२०१५). २,००० किलोकॅलरींच्या आहारात ही मर्यादा ५० व २५ ग्रॅम भरते.

महाराष्ट्रातील संशोधन : भारतीयांतील मेदवाढीच्या अभ्यासाला पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील चित्तरंजन याज्ञिक यांच्या कामाने मूलभूत वळण दिले. १९९३ पासून पुण्याजवळील सहा गावांतील मातांची पाहणी झाली. तेथील नवजात बाळांचे सरासरी वजन सुमारे २.७ किग्रॅ., तर इंग्लंडमधील साउथॅम्प्टनच्या बाळांचे ३.५ किग्रॅ. होते. मात्र पुण्याच्या बाळांचे स्नायू कमी भरले, तरी त्वचेखालील मेद त्यामानाने टिकून होता. २००४ मध्ये लॅन्सेट नियतकालिकात याज्ञिक व ब्रिटिश वैद्य जॉन युडकिन यांची तुलना प्रसिद्ध झाली. दोघांचाही बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक) २२.३, मेद मात्र अनुक्रमे २१.२ व ९.१ टक्के. त्यामुळे सडपातळ मराठी माणसाने केवळ वजनकाट्यावर विसंबणे धोक्याचे आहे. भारतीयांसाठी बीएमआय २३ पासून अतिवजन धरतात. कमरेच्या घेराची मर्यादा पुरुषांत ९० व स्त्रियांत ८० सेंमी. आहे. [⟶ मधुमेह].

कृत्रिम गोडवे : सॅकरिन (१८७९), ॲस्पार्टेम (१९६५), सुक्रालोज (१९७६) हे प्रमुख. अल्पकालीन चाचण्यांत साखरेऐवजी ते वापरल्यास वजन किंचित घटते. दीर्घकालीन निरीक्षणांत मात्र त्यांचा वापर व स्थूलता एकत्र आढळतात. मुळात जास्त वजनाच्या व्यक्तीच त्यांच्याकडे अधिक वळतात, हेही यामागचे एक कारण असू शकते. वजन आटोक्यात ठेवण्यासाठी ते वापरू नयेत, अशी सशर्त शिफारस जागतिक आरोग्य संघटनेने मे २०२३ मध्ये केली. आधीपासून मधुमेह असलेल्यांना ती लागू नाही.

वापर : आपल्याकडे चहा साखर घालूनच उकळतात. ॲस्पार्टेम दीर्घ उष्णतेत विघटित होऊन गोडी गमावते, म्हणून त्याची गोळी कपातच घालावी लागते. मीरा-भाईंदरसारख्या लोकलने ये-जा करणाऱ्यांच्या शहरात टपरीवरच्या चहातील साखर पिणाऱ्याच्या हाती नसते. गोळीने फक्त घरचा कप बदलतो; बिस्किटे, फरसाण व बैठे काम तसेच राहते. साखर मोजणे व गोडाची सवयच कमी करणे हा अधिक भरवशाचा उपाय होय.

कर्करोग : ॲस्पार्टेममुळे कर्करोगाचा धोका वाढतो का, याबाबत मतभेद आहेत.