दानापासून अधिकारापर्यंत

साठ वर्षांचा आढावा घेताना कोणतीही शाळा आपले निकाल, पारितोषिके आणि इमारती मोजते. या लेखात ज्यांच्यासाठी शाळेचे दार सहजी उघडले नाही, अशा मुलांच्या शिक्षणाचा आपल्या देशातील इतिहास थोडक्यात मांडावयाचा आहे.

या शिक्षणाचा आरंभ धर्मादायातून झाला. १८८०च्या दशकात मुंबईत मूकबधिर मुलांची शाळा निघाली. १८८७ मध्ये ॲनी शार्प या मिशनरी बाईंनी अमृतसर येथे अंधांसाठी शाळा काढली; ती पुढे डेहराडूनजवळील राजपूर येथे हलविण्यात आली. बौद्धिक विकलांग मुलांसाठी मुंबईत १९४४ मध्ये जय वकील शाळा सुरू झाली. १९७२ मध्ये मिथू अलूर यांनी मुंबईतच स्पास्टिक्स सोसायटी स्थापन केली. त्यांची कन्या मालिनी हिला सेरेब्रल पाल्सी होती. या संस्थांचे ऋण मोठे आहे. परंतु प्रवेश मिळणे हे दात्यांच्या औदार्यावर आणि आईवडील कोणत्या शहरात राहतात यावर अवलंबून होते. नकार मिळालेल्या मुलाला दाद मागण्यास जागा नव्हती.

आपल्या शाळेची पायाभरणी होत होती, त्याच सुमारास डॉ. दौलतसिंह कोठारी यांच्या अध्यक्षतेखालील शिक्षण आयोग (१९६४-६६) काम करीत होता. अपंग मुलांचे शिक्षण हा सर्वसाधारण शिक्षणव्यवस्थेचाच अविभाज्य भाग असावा, असे या आयोगाने सांगितले. १९७४ मध्ये केंद्र शासनाने एकात्म शिक्षणाची योजना आणली. तथापि योजना ही योजनाच असते. ती जेथे पोहोचली नाही, तेथील पालकांच्या हाती काहीच नव्हते.

१९९५च्या कायद्याने हे चित्र बदलू लागले. अठरा वर्षे वयापर्यंत मोफत शिक्षणाची तरतूद त्यात झाली. मात्र त्यातील सात प्रकारांत अध्ययन अक्षमतेचा समावेश नव्हता. अक्षरे उलटसुलट वाचणारे, उत्तर तोंडी अचूक सांगूनही कागदावर न उतरवू शकणारे मूल त्या काळी सरसकट ‘ढ’ किंवा ‘आळशी’ ठरत असे. कोणत्याही जुन्या शाळेच्या दप्तरात काही नावांपुढे ‘नापास’ आणि मग ‘शाळा सोडली’ अशा नोंदी आढळतात. त्यांतील कित्येकांची अडचण ओळखण्याची सोयच तेव्हा नव्हती.

२००९च्या शिक्षणहक्क कायद्यात २०१२ मध्ये दुरुस्ती होऊन दिव्यांग बालकांचा ‘वंचित गटा’त समावेश झाला. त्यानंतरचा मोठा टप्पा म्हणजे दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६. सातांचे एकवीस प्रकार झाले. स्वमग्नता आणि विशिष्ट अध्ययन अक्षमता त्यांत आल्या. चाळीस टक्के वा अधिक दिव्यांगत्व असलेल्या ६ ते १८ वयोगटातील बालकास जवळच्या शाळेत किंवा त्याच्या पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क मिळाला. शासकीय, अनुदानित व मान्यताप्राप्त शाळांनी भेदभाव न करता प्रवेश द्यावा, इमारत सुगम करावी आणि अध्ययन अक्षमता लवकरात लवकर ओळखावी, हे पाहण्याचे कर्तव्य कायद्याने शासनावर व स्थानिक प्राधिकरणांवर सोपविले. परीक्षेत जादा वेळ, लेखनिक आणि दुसऱ्या व तिसऱ्या भाषेतून सूट यांचाही त्यात उल्लेख आहे. महाराष्ट्राबाहेर राहून मराठी, हिंदी, इंग्रजी आणि प्रांतभाषा एकाच वेळी शिकणाऱ्या मुलांच्या पालकांनी ही शेवटची तरतूद अवश्य ध्यानी ठेवावी.

न्यायालयांनीही या अधिकाराला बळ दिले. विकास कुमार प्रकरणात (फेब्रुवारी २०२१) सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की, लेखनात खरी अडचण असेल तर लेखनिकासाठी चाळीस टक्क्यांची अट घालता येणार नाही. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये रजनीश कुमार पांडे प्रकरणात दिव्यांग विद्यार्थ्यांमागे विशेष शिक्षकांचे प्रमाण विनाविलंब अधिसूचित करण्याचा आदेश न्यायालयाने केंद्र शासनाला दिला.

हक्क कागदावर आला, तरी तो मागावा लागतो. पुष्कळ पालक ‘लोक काय म्हणतील’ या भयाने मुलाची तपासणी लांबवितात आणि दहावीचे अर्ज भरण्याची वेळ आली की धावपळ करतात. म्हणून काही सूचना कराव्याशा वाटतात. शंका येताच शासकीय रुग्णालयात तपासणी करून प्रमाणपत्र व यूडीआयडी कार्ड घ्यावे. हव्या असलेल्या सवलतींचा अर्ज वर्षारंभीच शाळेकडे लेखी द्यावा, त्याची पोच जपून ठेवावी आणि मंडळाकडे तो मुदतीत गेला याची खात्री करून घ्यावी. प्रवेश नाकारला गेल्यास जिल्हा शिक्षण कार्यालयातील समन्वय अधिकाऱ्याकडे, आणि तेथेही काम न झाल्यास राज्याच्या दिव्यांग आयुक्तांकडे तक्रार करता येते.

माजी विद्यार्थ्यांना एक विनंती आहे. आपल्या वर्गात शेवटच्या बाकावर बसणारा, मधूनच शाळेतून नाहीसा झालेला एखादा सोबती आपणांस आठवत असेल. त्या वेळी त्याच्या बाजूने उभा राहणारा कायदा नव्हता. आज तो आहे. आपल्या परिचयातील एखाद्या घरी असे मूल असल्यास ही माहिती तेथवर पोहोचवावी. दान देणाऱ्याचे आभार मानावे लागतात. अधिकार मात्र ताठ मानेने मागता येतो. पुढील पिढीतील प्रत्येक मुलाला तो तसा मागता यावा, हीच या हीरकमहोत्सवी वर्षातील अपेक्षा.