तट नसलेला कोट

मुंबई पाहावयास निघालेला अभ्यासक प्रथम स्थळांची यादी करतो. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस, राजाबाई टॉवर आणि उच्च न्यायालय ही नावे तीत असतातच. या यादीशेजारी गोविंद नारायण माडगावकरांचे ‘मुंबईचे वर्णन’ (१८६३) ठेवावे. यांपैकी एकही वास्तू ग्रंथकाराने पाहिलेली नाही. टॉवर व न्यायालय १८७८ मध्ये पूर्ण झाले. स्थानकाच्या कामास त्याच वर्षी आरंभ झाला. माडगावकरांचे शहर तटाच्या आतबाहेर वसलेले होते. गव्हर्नर बार्टल फ्रियर यांच्या कारकिर्दीत (१८६२–६७) तट पाडला गेला आणि मोकळ्या झालेल्या जागेत आपण ज्याला ‘ऐतिहासिक’ म्हणतो ते शहर उभे राहू लागले.

म्हणून साहित्याच्या विद्यार्थ्यांनी सहलीचा क्रम बदलावा. आधी ग्रंथ वाचावा, मग सेंट थॉमस कथीड्रल (१७१८) व टाउन हॉल (१८३३) ही माडगावकरकालीन स्थळे पाहावीत, स्थानक शेवटी. वाटेत ‘चर्चगेट’पाशी थांबावे. ती वेस केव्हाच गेली, नाव मात्र लोकांच्या तोंडी राहिले. तट पाहावयाचा तर एखाददुसरा अवशेष सोडल्यास तो आता ग्रंथातच पाहावा लागतो.