डीएसएल राउटर : फोनच्या तारेतून इंटरनेट कसं येतं?
फोनवरच्या बोलण्याला तांब्याच्या तारेत साधारण ४ किलोहर्ट्झपर्यंतचीच जागा लागते. वरची जागा रिकामी असते. एडीएसएल२+ तिथूनच, २.२ मेगाहर्ट्झपर्यंत, डेटा पाठवतं. म्हणून फोन आणि नेट एकाच तारेवर चालतात. स्प्लिटर दोन्ही वेगळे करतो.

डीएसएल राउटर एक्स्चेंजमधल्या डीएसलॅम या यंत्राशी जोडलेला असतो. कमाल डाउनलोड स्पीड २४ एमबीपीएस, पण एक्स्चेंज जितकं लांब, तितका सिग्नल कमजोर आणि स्पीड कमी.

त्यामुळे नेट स्लो झालं की मी आधी राउटरच्या सेटिंगमध्ये 'लाइन अटेन्युएशन' बघतो. हा आकडा मोठा असेल तर अडचण तारेत आहे. अशा वेळी नवीन राउटरवर पैसे घालवू नका, लाइन तपासून घ्या.