मिरासी, उपरी आणि नवी शर्त

पिढ्यान् पिढ्या जमीन कसणारा मनुष्य तिचा धनी होतो कीं नाहीं, हा वाद दक्षिणेंत नवा नाहीं. पेशवाईच्या कागदपत्रांत मिरासदार व उपरी असे कुळांचे दोन वर्ग पदोपदीं आढळतात. मिरासदाराची जमीन वंशपरंपरेची. ती तो विकूं शके, गहाण टाकूं शके, व सारा देत असतां त्यास तिच्यावरून कोणी उठवूं नये असा दंडक होता. उपरी हा मुदतीच्या कौलावर कसणारा. नष्ट किंवा परागंदा झालेल्या घराण्यांची जमीन 'गतकूळ' म्हणून मोडे, आणि तीच बहुधा उपऱ्यांच्या वांट्यास येई.

नुसत्या वहिवाटीनें उपरी मिरासदार होत नसे. त्यास द्रव्य भरून मिरासपत्र करून घ्यावें लागे. उलट परागंदा मिरासदार बऱ्याच वर्षांनीं परतला तरी आपली जमीन मागूं शके. मिरासीच्या महजरांवर गोताच्या साक्षी आहेत, पाटलाच्या नांवाशीं नांगराची निशाणी आहे. उपऱ्याच्या बाजूचा कागद क्वचित्, म्हणून त्याचें म्हणणें आमच्या दप्तरांतून ऐकूंच येत नाहीं. मिरासीवर आजवर झालेलें लेखन आम्हांस एकांगी वाटतें तें यामुळेंच.

एल्फिन्स्टननें १८१९ च्या अहवालांत मिरासदारांस जमिनीचे मालक म्हटलें. पुढें १८३५ सालीं इंदापूर तालुक्यांत गोल्डस्मिड व विंगेट यांनीं सुरू केलेल्या पाहणीनें मिरासी-उपरी हा भेद बहुतेक पुसून टाकला. ज्याच्या नांवें नंबर तो खातेदार, व सारा ३० वर्षांपर्यंत कायम. १८७९ च्या जमीन महसुलाच्या कायद्यांत हा कबजा वंशपरंपरेचा व विक्रीयोग्य ठरला. उपरी मिरासदाराच्या पंक्तीस बसला खरा. पण विकतां येणारी वस्तु गहाणहि पडते, हें सावकाराच्या आधींच ध्यानांत आलें होतें. १८७५ सालीं सुप्यास उसळलेल्या दंग्यांत रयतेनें कर्जरोखेच हुडकून जाळले, तें उगीच नव्हे.

हेंच निमित्त पुढें करून मुंबई सरकारनें १९०१ सालीं कायदा दुरुस्त केला: सरकारजमा झालेली जमीन पुन्हां देतांना ती परवानगीवांचून विकूं नये, अशी अट घालतां यावी. फिरोजशहा मेहता, गोखले प्रभृति सभासद निषेधार्थ कौन्सिलांतून उठून गेले. सावकाराचा जाच खरा होता. तथापि रयतेच्या मालकीचा संकोच करून तो दूर करण्याचा उपाय आम्हांस पटत नाहीं. अशा जमिनींस 'नव्या शर्तीच्या' म्हणूं लागले. १९५८ च्या कायद्यानें महार वतनें नष्ट होऊन जमिनी पूर्वींच्या वतनदारांस परत मिळाल्या, त्याहि जिल्हाधिकाऱ्याच्या परवानगीवांचून विकतां न येण्याच्या अटीवरच. म्हणजे ज्यांचा भोगवटा शतकांचा, त्यांसच अपुरा हक्क! १९६६ च्या संहितेंत हे लोक 'भोगवटादार वर्ग २' झाले, व २०१९ च्या नियमांनीं अधिमूल्य भरून वर्ग १ मध्यें जाण्याची वाट निघाली. मिरासपत्रासाठीं द्रव्य मोजणाऱ्या उपऱ्यास हा व्यवहार ओळखीचा वाटला असता.

उपऱ्यांचे कौल, कबुलायती किंवा गतकुळाच्या झाडत्या कोणाच्या संग्रहीं असतील, तर त्यांनीं त्यांच्या नकला मंडळाकडे धाडाव्या, अशी विनंति आहे.